फळांचे रस आणि हृदयविकाराची औषधे : अनुपानाचा विचार

औषध कशाबरोबर घ्यावे, हा प्रश्न भारतीय वैद्यकपरंपरेला नवा नाही. औषधाबरोबर किंवा त्याच्यामागून घ्यावयाच्या पदार्थाला आयुर्वेदाने ‘अनुपान’ अशी स्वतंत्र संज्ञा दिली असून, एकच चूर्ण मधाबरोबर, तुपाबरोबर किंवा कोमट पाण्याबरोबर दिल्यास त्याचा गुण पालटतो, असे त्या शास्त्रात मानले गेले आहे. आधुनिक औषधांच्या गोळ्या घेताना मात्र हा विचार बहुतेक घरांत मागे पडतो आणि न्याहारीच्या वेळी जे पेय हाताशी असेल, मग ते मोसंबीचा रस असो, शहाळ्याचे पाणी असो की फिरायला गेलेल्या बागेबाहेर मिळणारा हिरवा रस असो, त्याच्याबरोबर गोळी गिळली जाते. फळ म्हणजे पथ्याचा पदार्थ आणि पथ्याचा पदार्थ औषधाच्या आड येणार नाही, अशी समजूत त्यामागे असते. ती बहुतांशी खरी असली, तरी हृदयविकाराच्या काही औषधांच्या बाबतीत ती खरी नाही.

या औषधांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते, याला तीन कारणे आहेत. त्यांतील कित्येक औषधांचा गुणकारी डोस आणि अपायकारक डोस यांत फार अंतर नसते. ती काही दिवसांपुरती नसून वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. आणि एकाच रुग्णाला रक्तदाबाचे, कोलेस्टेरॉलचे, रक्त पातळ ठेवण्याचे व लघवी वाढवण्याचे अशी अनेक औषधे एकाच वेळी चालू असतात. अशा स्थितीत रोज घेतला जाणारा पेलाभर रस हा नुसता आहाराचा भाग राहत नाही, तो उपचाराचाही भाग होतो. तो कोणत्या औषधाच्या बाबतीत निरुपद्रवी आहे, कोणत्या औषधाचा परिणाम वाढवतो आणि कोणत्या औषधाचा परिणाम घटवतो, हे समजून घेतले, तर भीतीपोटी सगळी फळे सोडण्याचीही गरज उरत नाही.

गोळीचा शरीरातील प्रवास

तोंडावाटे घेतलेली गोळी पोटात विरघळते, तिच्यातील द्रव्य लहान आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरते, तेथून ते यकृतात जाते आणि यकृतातून सुटल्यावरच हृदय व रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचते. या वाटेवर त्याची बरीच गळती होते, कारण आतड्याच्या भिंतीतील आणि यकृतातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, परक्या द्रव्यांचे विघटन करण्याचे काम सतत करत असतात. घेतलेल्या औषधापैकी जेवढा भाग मूळ रूपात रक्ताभिसरणापर्यंत पोहोचतो, त्याला त्या औषधाची ‘जैवउपलब्धता’ म्हणतात. फेलोडिपिन या रक्तदाबावरील औषधाची जैवउपलब्धता सुमारे १५ टक्केच आहे, म्हणजे गोळीतील बहुतेक भाग वाटेतच नष्ट होतो. औषधाचा डोस ठरवताना ही गळती हिशेबात धरलेली असते. त्यामुळे एखाद्या पदार्थाने ही गळती थांबवली, तर गोळी एकच घेतलेली असूनही तिचा परिणाम दोन-तीन गोळ्या घेतल्यासारखा होऊ शकतो. उलट एखाद्या पदार्थाने आतड्यातील शोषणच अडवले, तर गोळी घेऊनही ती न घेतल्यासारखी होते.

फळांच्या रसांचा हृदयविकाराच्या औषधांशी संबंध तीन ठिकाणी येतो. पहिले ठिकाण म्हणजे आतड्यातील विघटन करणारी विकरे, दुसरे म्हणजे औषधाला आतड्याच्या भिंतीतून आत नेणारी वाहक प्रथिने आणि तिसरे म्हणजे प्रत्यक्ष रक्त, जेथे औषध आणि रसातील घटक एकाच क्रियेवर परिणाम करतात.

पहिले ठिकाण : विघटन थांबवणारा रस

या विषयाकडे वैद्यकाचे लक्ष योगायोगाने गेले. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या लंडन या शहरात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिनवर मद्याचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास करत होते. पेल्यात मद्य आहे की नाही, हे प्रयोगात भाग घेणाऱ्यांना चवीवरून कळू नये, म्हणून ग्रेपफ्रूट या लिंबूवर्गीय फळाचा उग्र चवीचा रस वापरण्यात आला. तेव्हा मद्य घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही वेळी औषधाची रक्तातील पातळी अपेक्षेपेक्षा बरीच अधिक आढळली. ही गोष्ट १९८९ मध्ये नोंदवली गेली. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात, पाण्याऐवजी ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतल्यास फेलोडिपिनची जैवउपलब्धता पाण्याबरोबरच्या जैवउपलब्धतेच्या सरासरी २८४ टक्के, म्हणजे जवळजवळ तिप्पट होते आणि संत्र्याच्या रसाने मात्र असे होत नाही, हे स्पष्ट झाले.

याचे कारण ग्रेपफ्रूटमधील ‘फ्युरॅनोकुमॅरिन’ या गटातील रसायनांत आहे. बर्गामोटिन हे त्यांपैकी एक. आतड्याच्या भिंतीत ‘सीवायपी ३ए४’ नावाचे एक विकर असते आणि आज वापरात असलेल्या असंख्य औषधांचे विघटन त्याच्याकडून होते. फ्युरॅनोकुमॅरिने या विकराला तात्पुरते अडवून थांबत नाहीत, ती त्याला कायमचे निकामी करतात. त्यामुळे आतड्याच्या पेशींनी नवे विकर तयार करेपर्यंत विघटनाचे काम मंदावलेले राहते आणि त्याला एक ते तीन दिवस लागू शकतात. रस सकाळी आणि गोळी रात्री घेतल्याने हा परिणाम टळत नाही, याचे कारण हेच आहे. यासाठी रसाचे प्रमाण फार मोठे असावे लागते असेही नाही; २०० ते २५० मिलिलिटरचा एक पेला किंवा एक अख्खे फळही पुरते. शिरेतून दिलेल्या औषधावर मात्र नेहमीच्या प्रमाणातील रसाचा असा परिणाम सहसा होत नाही, कारण त्या औषधाची वाट आतड्यातून जातच नाही.

हृदयविकाराच्या औषधांत या परिणामाच्या कक्षेत येणारे काही मोठे गट आहेत. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या ‘स्टॅटिन’ वर्गातील सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन यांची पातळी ग्रेपफ्रूटमुळे सर्वांत अधिक वाढते. अटोरव्हास्टॅटिनची त्याहून कमी वाढते. तर रोझुव्हास्टॅटिन व प्राव्हास्टॅटिन यांचे विघटन मुख्यतः या विकरावर अवलंबून नसल्याने त्यांच्यावर लक्षणीय परिणाम होत नाही. स्टॅटिनची पातळी फार वाढली, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील प्रथिने रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. अंगभर किंवा मांड्या व खांद्यांत कारण नसताना होणारी वेदना, अशक्तपणा आणि गडद तपकिरी रंगाची लघवी ही त्याची लक्षणे असून, ती दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना गाठणे आवश्यक असते.

दुसरा गट रक्तदाब कमी करणाऱ्या कॅल्शियम-रोधक औषधांचा आहे. फेलोडिपिनवर मोठा परिणाम होतो. निफेडिपिन, सिल्निडिपिन आणि व्हेरापामिल यांच्याही पातळ्या वाढतात. अम्लोडिपिनची जैवउपलब्धता मुळातच अधिक असल्याने तिच्यावर परिणाम अल्प असतो. पातळी वाढल्यास रक्तदाब एकदम उतरणे, उठताना चक्कर येणे, चेहरा तापून लाल होणे, डोके दुखणे आणि पायांवर सूज येणे असे त्रास संभवतात आणि वयस्कर व्यक्ती चक्कर येऊन पडल्यास मूळ आजारापेक्षा हाडाच्या मोडीचे संकट मोठे ठरते.

तिसऱ्या गटात हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आवरणारी अमियोडॅरोन व ड्रोनेडॅरोन, ठोक्यांचा वेग कमी करणारे इव्हाब्रॅडिन आणि छातीतील कळांवर दिले जाणारे रॅनोलॅझिन ही औषधे येतात. यांची पातळी प्रमाणाबाहेर वाढणे थेट हृदयाच्या विद्युत्-क्रियेला बाधक असल्याने त्यांच्या माहितीपत्रकांत ग्रेपफ्रूट टाळण्याची सूचना असते. हृदयाचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना दिली जाणारी सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही औषधेही याच कारणाने या यादीत मोडतात.

स्टेंट बसवलेल्या रुग्णांनी विशेष ध्यानात ठेवावी, अशी एक गोष्ट चौथ्या गटात आढळते. रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटून गुठळी होऊ नये यासाठी टिकाग्रेलॉर किंवा क्लोपिडोग्रेल दिले जाते. टिकाग्रेलॉरची पातळी ग्रेपफ्रूटमुळे दुपटीहून अधिक वाढते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. क्लोपिडोग्रेलचे मात्र नेमके उलट होते. हे औषध गिळताना निष्क्रिय असते आणि शरीरातील विकरांनी त्याच्यावर प्रक्रिया केल्यावरच ते क्रियाशील बनते. रसाने ही विकरेच अडवली, तर क्रियाशील द्रव्य फारच थोडे तयार होते आणि स्टेंटमध्ये गुठळी होण्यापासून मिळणारे संरक्षण क्षीण होते. एकाच रसाने, एकाच कामासाठी दिलेल्या दोन औषधांवर असे परस्परविरुद्ध परिणाम होत असल्यामुळे शेजाऱ्याच्या किंवा नातेवाइकाच्या अनुभवावरून स्वतःच्या गोळीविषयी अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

कोणते फळ टाळावे, कोणते चालते

मराठी घरांत ग्रेपफ्रूट नेहमीचे नाही, म्हणून हा प्रश्न आपला नाही, असे वाटणे साहजिक आहे. तथापि, ग्रेपफ्रूट हे फळ पपनस आणि गोड संत्रे यांच्या संकरातून अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर निपजले आणि फ्युरॅनोकुमॅरिने त्याच्याकडे पपनसाच्या बाजूने आली आहेत. कोकणात व गोव्यात भाद्रपदाच्या सुमारास बाजारात येणारे, गोव्यातील गणेशचतुर्थीच्या माटोळीलाही बांधले जाणारे आणि काही ठिकाणी चकोतरा या नावाने ओळखले जाणारे जाड सालीचे पपनस याच कारणाने ग्रेपफ्रूटच्याच रांगेत बसवावे लागते. वर उल्लेखिलेली औषधे चालू असणाऱ्यांनी त्याच्या फोडी व रस दोन्ही टाळणे हिताचे आहे. सेव्हिल जातीचे कडू संत्रे, ज्याचा पारंपरिक मार्मालेड बनतो, तेही या वर्गात मोडते.

याउलट नागपुरी संत्रे हे मँडरिन जातीचे आणि मोसंबी ही गोड संत्र्याच्या जातीची असून, या फळांत फ्युरॅनोकुमॅरिने नगण्य असतात. म्हणून विघटन थांबवण्याच्या या विशिष्ट कारणासाठी ती वर्ज्य नाहीत. आमटी-भाजीवर पिळलेल्या लिंबाच्या थोड्या रसाचीही धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मात्र ‘मिक्स्ड सिट्रस’ अशा मोघम नावाने विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद पेयांत ग्रेपफ्रूटचा अंश असू शकतो, यासाठी वेष्टनावरील घटकांची यादी वाचणे अगत्याचे आहे. मुलांकडे अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये काही महिन्यांसाठी राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी ही दक्षता अधिक घ्यावी, कारण औषधांचा साठा ते भारतातून बरोबर नेतात, पण तिकडच्या न्याहारीत ग्रेपफ्रूट हे सर्रास आढळणारे फळ असते आणि ते संत्र्याचाच एखादा प्रकार समजून खाल्ले जाण्याचा संभव असतो.

दुसरे ठिकाण : शोषण अडवणारा रस

संत्रे, मोसंबी व सफरचंद यांचे रस पहिल्या कसोटीला उतरले, तरी दुसऱ्या ठिकाणी त्यांचा संबंध येतोच. काही औषधे आतड्याच्या भिंतीतून आपोआप झिरपत नाहीत. त्यांना आत नेण्यासाठी पेशींच्या पृष्ठभागावर ‘ओएटीपी’ या नावाने ओळखली जाणारी वाहक प्रथिने असतात. ग्रेपफ्रूट, संत्रे आणि सफरचंद यांच्या रसांतील नॅरिंजिन, हेस्पेरिडिन यांसारखी द्रव्ये ही वाहक प्रथिने काही तासांपुरती अडवून धरतात आणि औषध आतड्यातच राहून शरीराबाहेर जाते.

याचे भारतीय रुग्णांना जवळचे उदाहरण अटेनोलॉलचे आहे. रक्तदाब व हृदयाच्या ठोक्यांचा वेग कमी करणारे हे जुने आणि स्वस्त औषध असून, संत्र्याच्या रसाबरोबर घेतल्यास त्याचे रक्तातील एकूण प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासात दिसले आहे. सफरचंदाच्या ६०० मिलिलिटर रसाने ही घट ५० टक्क्यांच्याही पुढे गेलेली आढळली. सेलिप्रोलॉल आणि अलिस्किरेन या औषधांची घट याहून मोठी असते. अशा रुग्णाचा रक्तदाब गोळी नियमित घेऊनही आटोक्यात येत नाही आणि खरे कारण ध्यानात न आल्यास डोस वाढवला जातो किंवा दुसरी गोळी जोडली जाते. पुढे एखाद्या दिवशी रस बंद झाला, की वाढवलेला डोस पूर्णपणे लागू पडतो आणि रक्तदाब गरजेपेक्षा खाली उतरतो.

पहिल्या आणि दुसऱ्या परिणामांत एक व्यावहारिक फरक आहे. वाहक प्रथिने निकामी होत नाहीत, ती केवळ काही काळ अडलेली असतात. त्यामुळे गोळी साध्या पाण्याबरोबर घेऊन रस चार तासांच्या अंतराने घेतला, तर हा प्रश्न बहुतांशी सुटतो. म्हणजे ग्रेपफ्रूट व पपनस वर्ज्य, तर संत्रे, मोसंबी व सफरचंद यांच्या रसांना वेळेचे अंतर, अशी विभागणी करता येते. अख्खे फळ चावून खाल्ल्यास एका वेळी पोटात जाणाऱ्या रसाचे प्रमाण मर्यादित राहते आणि चोथ्याचा लाभ वेगळाच होतो. म्हणून पेलाभर रसाऐवजी एक फळ हा पर्याय सर्वच दृष्टींनी सरस ठरतो.

तिसरे ठिकाण : रक्तातील पोटॅशियम

येथपर्यंतचे दोन्ही परिणाम औषधाच्या प्रवासाशी निगडित होते. तिसऱ्या प्रकारात औषध आपल्या जागी नीट पोहोचते, परंतु रसातील एखादा घटक त्याच दिशेने किंवा विरुद्ध दिशेने काम करतो. पोटॅशियम हा त्यांतील सर्वांत महत्त्वाचा घटक आहे. रक्तात त्याचे प्रमाण प्रतिलिटर साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट एवढ्या चिंचोळ्या मर्यादेत राहावे लागते, कारण हृदयाच्या स्नायूंची विद्युत्-क्रिया त्यावर अवलंबून असते. प्रमाण फार वाढले किंवा फार घटले, तरी ठोके बिघडू शकतात.

रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी एसीई-रोधके, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखी ‘सार्टन’ वर्गातील औषधे, हृदय अपुऱ्या ताकदीने काम करत असताना दिली जाणारी सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनची जोडगोळी आणि स्पायरोनोलॅक्टोन व एप्लेरेनोन ही औषधे पोटॅशियम शरीरात राखून धरतात. ही औषधे घेणाऱ्याने शहाळ्याचे पाणी, संत्र्या-मोसंबीचा रस, डाळिंबाचा रस किंवा टोमॅटोचा रस रोज मोठ्या प्रमाणात घेतला, तर पोटॅशियम एका बाजूने आत येत राहते आणि दुसऱ्या बाजूने त्याची वाट अडलेली असते. शहाळ्याच्या २५० मिलिलिटर पाण्यात साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते; निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकते, पण मधुमेहामुळे किंवा वयामुळे ज्यांचे मूत्रपिंड मंदावले आहे, त्यांना ते झेपत नाही. यातच सोडियम कमी असलेले म्हणून विकले जाणारे पर्यायी मीठ वापरात असेल, तर धोका वाढतो, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमचाच क्षार घातलेला असतो. हातापायांतील शक्ती गेल्यासारखे वाटणे, मुंग्या येणे आणि ठोका चुकल्याची जाणीव होणे ही लक्षणे संभवतात; तथापि, वाढलेले पोटॅशियम कित्येकदा कोणतेही लक्षण दाखवत नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली क्रिएटिनिन व पोटॅशियमची रक्ततपासणी वेळच्या वेळी करून घेणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

फ्युरोसेमाइड किंवा थायझाइड वर्गातील लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांची स्थिती याच्या उलट असते. त्यांच्या शरीरातून पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते, आणि डिगॉक्सिन हे औषध बरोबर चालू असेल, तर कमी पोटॅशियममुळे त्याची विषबाधा होण्याचा संभव वाढतो. अशा रुग्णाला डॉक्टर शहाळे किंवा केळे घेण्यास सांगूही शकतात. म्हणून ‘हृदयविकारात शहाळे चांगले की वाईट’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. ते गोळीच्या नावावर आणि मूत्रपिंडाच्या अहवालावर अवलंबून असते.

मूत्रपिंडाचा विकार जोडीला असणाऱ्यांनी कमरख, म्हणजे आडवे कापले असता चांदणीसारखे दिसणारे आंबट फळ, रसरूपाने किंवा अख्खे, पूर्णपणे टाळावे, कारण त्यातील विषारी द्रव्य अशा मूत्रपिंडाकडून बाहेर टाकले जात नाही आणि ते थेट मेंदूवर परिणाम करते.

रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि हिरवे रस

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा ‘एट्रियल फिब्रिलेशन’ हा अनियमित ठोक्यांचा विकार असलेल्या अनेक रुग्णांना वॉरफरिन किंवा भारतात अधिक प्रचलित असलेले असेनोकुमॅरॉल दिले जाते. ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करून रक्त गोठण्याची क्रिया मंद करतात आणि त्यांचा परिणाम ‘आयएनआर’ या तपासणीने मोजला जातो. हा आकडा बहुतेक रुग्णांत २ ते ३ च्या दरम्यान आणि काही प्रकारच्या कृत्रिम झडपांच्या बाबतीत थोडा वर ठेवला जातो. तो घसरला तर गुठळीचे भय आणि वाढला तर रक्तस्रावाचे.

पालक, मेथी, कोथिंबीर यांसारख्या हिरव्या पानांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते. पालकाचा रस, मिश्र हिरव्या भाज्यांचा रस किंवा गव्हांकुराचा रस एकाएकी सुरू केला, तर औषधाचा परिणाम घटून आयएनआर खाली येऊ शकतो, आणि ठरलेल्या डोसवर तो रस एकाएकी बंद केला, तर आयएनआर वर जाऊ शकतो. येथे पालेभाज्या वर्ज्य करणे हा उपाय नव्हे. प्रमाण आठवड्यागणिक सारखे ठेवणे हा उपाय आहे, कारण औषधाचा डोस रुग्णाच्या नेहमीच्या आहाराला धरूनच ठरवलेला असतो. चातुर्मास, श्रावण किंवा एखादा लांब उपवास यांमुळे आहार बराच बदलणार असेल, तर तसे आधी सांगून आयएनआरची एखादी तपासणी जास्त करून घ्यावी.

क्रॅनबेरीच्या रसाविषयी ब्रिटनमध्ये २००३ च्या सुमारास अधिकृत इशारा देण्यात आला होता, कारण वॉरफरिन घेणाऱ्या काही रुग्णांत रक्तस्रावाच्या घटना नोंदल्या गेल्या होत्या. नंतरच्या नियंत्रित प्रयोगांत नेहमीच्या प्रमाणातील रसाचा मोठा परिणाम आढळला नाही. यावरून काढायचा व्यवहार्य निष्कर्ष एवढाच, की असा रस अधूनमधून थोडा घेण्याने बिघडत नाही, पण तो रोजचा व मोठ्या प्रमाणातला नेम करायचा असेल, तर आयएनआर मोजल्यावाचून करू नये.

हृदयासाठी म्हणून घेतले जाणारे रस

शहरांतील बागा आणि मैदाने यांच्या बाहेर सकाळी दुधी, कारले, कोरफड, आवळा व गव्हांकुर यांचे रस विकले जातात आणि त्यांतील दुधीचा रस हृदयासाठी गुणकारी म्हणून विशेष खपतो. दुधी काकडीच्या कुळातील असून या कुळात ‘कुकुर्बिटॅसिन’ नावाची कडू विषारी द्रव्ये आढळतात. कडू दुधीच्या रसाने तीव्र उलट्या, जुलाब, पोटातील रक्तस्राव आणि रक्तदाब कोसळणे अशा घटना भारतात घडलेल्या असून, काहींचा मृत्यूही झाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने या प्रश्नाचा अभ्यास करून दिलेल्या सूचना लक्षात ठेवण्याजोग्या आहेत : रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखून पाहावा, तो कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा, दुधीचा रस अन्य रसांत मिसळू नये आणि रस घेतल्यानंतर मळमळ, उलटी किंवा जुलाब झाल्यास लगेच रुग्णालयात जावे. रक्तदाब उतरवणारी व रक्त पातळ करणारी औषधे आधीच चालू असलेल्या व्यक्तीला अशी बाधा इतरांपेक्षा अधिक जड जाते, हे वेगळे सांगायला नको. ‘कडू तेवढे औषधी’ ही समजूत दुधीच्या बाबतीत प्राणावर बेतू शकते.

कारल्याचा रस रक्तातील साखर उतरवतो; ज्यांना हृदयविकाराबरोबर मधुमेहाची औषधेही चालू आहेत, त्यांनी तो स्वतःच्या मनाने सुरू केल्यास साखर गरजेपेक्षा खाली जाण्याचा धोका असतो. रसवंतीतील आणि गाड्यांवरील रसांत चवीसाठी घातले जाणारे काळे मीठ व चाट मसाला यांतून सोडियम पोटात जाते, आणि हृदय कमजोर असल्याने ज्यांच्या पाण्याच्या व मिठाच्या प्रमाणावर मर्यादा घातलेली आहे, त्यांनी प्यालेल्या रसाचा प्रत्येक पेला त्या दिवसाच्या पाण्याच्या हिशेबातच धरावा लागतो.

व्यवहारात पाळावयाचे नियम

वरील विवेचनातून निघणारे नियम मोजकेच आहेत आणि ते पाळणे अवघड नाही.

१. हृदयविकाराची प्रत्येक गोळी, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी.

२. ग्रेपफ्रूट, पपनस व कडू संत्रे यांच्या बाबतीत वेळेचे अंतर पुरेसे नसल्याने, संबंधित औषध चालू असेपर्यंत ही फळे टाळावीत. आपले औषध त्या यादीत मोडते का, हे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारावे. यादीतील औषध सोडता येत नसेल आणि फळही सोडवत नसेल, तर त्याच वर्गातील दुसरे औषध देणे बऱ्याचदा शक्य असते.

३. संत्रे, मोसंबी व सफरचंद यांचा रस आणि गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

४. पोटॅशियम राखणारी औषधे घेणाऱ्यांनी शहाळे व फळांचे रस यांचे दैनंदिन प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि पर्यायी मीठ विचारल्याशिवाय वापरू नये.

५. वॉरफरिन किंवा असेनोकुमॅरॉल घेणाऱ्यांनी कोणताही रस एकाएकी सुरू किंवा बंद करू नये.

६. तपासणीला जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर रोज घेतल्या जाणाऱ्या रसांची, काढ्यांची व चूर्णांची यादीही न्यावी, कारण ‘कोणती औषधे घेता’ या प्रश्नाच्या उत्तरात रसाचा उल्लेख रुग्ण सहसा करत नाहीत.

७. रस आणि औषध यांची गल्लत झाल्याचे लक्षात आले, तरी घाबरून औषध स्वतःहून बंद करू नये. रस थांबवावा आणि डॉक्टरांना कळवावे. स्टेंटनंतरची, ठोक्यांची किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी अचानक सोडण्याचा धोका बहुतेक वेळा रसाच्या धोक्यापेक्षा मोठा असतो. मात्र बेशुद्धी, छातीत कळ, न थांबणारा रक्तस्राव, काळी शौचास होणे किंवा ठोके अतिशय मंद अथवा अनियमित होणे यांपैकी काहीही घडल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

औषध द्यायचे म्हणजे त्याचे अनुपानही सांगायचे, हा जुन्या वैद्यांचा शिरस्ता होता. आजच्या चिठ्ठीवर अनुपानाची ओळ सहसा नसते, तेव्हा ती रुग्णाने स्वतः विचारून घ्यावी. आणि विचारण्याची संधी मिळेपर्यंत हृदयविकाराच्या गोळीचे अनुपान साधे पाणी, असेच समजून चालावे.